वसंताची बसायची जागा

राजूरच्या गणपतीला जाणाऱ्या रस्त्यावर, पेढेवाला आणि नारळवाला यांच्या मधे अंग चोरून उभं असलेलं साहेबरावाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक माणूस बसला की दुसऱ्यानं उभंच राहावं एवढी जागा. चतुर्थीला गर्दी उसळली की दर्शन घेऊन येणारे लोक मनगटातलं बंद पडलेलं घड्याळ त्याच्यापुढं धरायचे आणि 'जरा बघा हो, जल्दी' म्हणायचे. साहेबराव डोळ्याला भिंग लावायचा, घड्याळ उघडायचा आणि जे खरं असेल ते सांगायचा. खरं सांगणाऱ्या कारागिराचं जे होतं तेच त्याचं झालं होतं, म्हणजे दुकान चाललं होतं पण वाढलं नव्हतं. त्याला त्याची फिकीर नव्हती. गिऱ्हाईक पाठमोरं झालं की भिंग न काढताच तो खणात हात घालायचा आणि आतून रणगाडा बाहेर काढायचा.

होय, रणगाडाच. तळहातावर मावेल एवढा. अंग पुठ्ठ्याचं, पट्टे सायकलच्या जुन्या ट्यूबचे, चाकं शर्टाच्या गुंड्यांची आणि तोफ मोडक्या छत्रीच्या काडीची. चिमट्यानं एकेक गुंडी बसवताना साहेबरावाची जीभ दातांत यायची आणि समोर देव उभा राहिला तरी त्याला पत्ता लागला नसता. 'घड्याळं बंद अन् लढाई चालू,' असं नारळवाला येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. मिशीत पांढरे केस आलेला बाप्या माणूस खेळणी करत बसतो, याच्याएवढी फुकटची करमणूक राजूरला दुसरी नव्हती.

आता त्याचा धाकटा भाऊ वसंता रणगाड्याचा ड्रायव्हर होता आणि एकाहत्तरच्या लढाईत पंजाबच्या सरहद्दीवर रणगाड्यातच गेला, हे काय राजूरला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. बातमी आली त्या दिवशी सगळी पेठ बंद होती. पण मेलेल्या माणसाला गाव वर्षभर मान देतं, मग जो तो आपापल्या कामाला लागतो. पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला, लोक खडी फोडायला गेले, आणि वसंताचं नाव फक्त त्याच्या घरात उरलं.

घरात तरी कोण होतं? साहेबराव आणि त्याची बायको कौसल्या. आई गेली तेव्हा वसंता शाळेतसुद्धा जात नव्हता. कौसल्या नवी नवरी म्हणून घरात आली ती या दिराची आईच होऊन बसली. त्यांना स्वतःचं मूल झालं नाही. त्याचं दोघांना फारसं वाटलंही नाही, वसंता होता म्हणून. अंगानं बळकट पण उंचीला ठेंगणा. गावातली पोरं त्याला चिडवायची, भरतीला निघाला तेव्हा तर पैजा लागल्या होत्या. तो ठेंगणेपणाच फौजेत कामाला आला. रणगाड्याच्या पोटात उंच माणसाचं काही खरं नसतं म्हणे.

लढाईच्या आधीच्या उन्हाळ्यात तो शेवटचा सुट्टीवर आला होता. त्या सुट्टीतला दिवस न् दिवस साहेबरावाला तोंडपाठ होता. कौसल्या भाकरी थापत होती, वसंता जेवायला बसला होता, आणि साहेबरावानं सहज विचारलं होतं, "रणगाड्यात तू बसतो तरी कुठं रे?"

"पुढं."

"पुढं म्हंजी कुठं?"

"पुढं म्हंजी पुढं, दादा. फौजेतलं जादा इचारू नको."

पण पोटात काही ठेवणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. ताट सारून त्यानं वहिनीच्या हाताखालची पळी घेतली, लाटणं घेतलं आणि पुढ्यात दोन्ही उभी धरली. "ह्याला यष्टीवानी स्टेरिंग नसतंय. दोन दांडे असतेत. हा वढला की ह्या अंगाला वळतो, तो वढला की त्या अंगाला." दोन वाट्या पालथ्या घालून त्यानं पायाखाली घेतल्या आणि तोंडानं असा घरघराट केला की कौसल्येची तव्यावरची भाकरी हसण्यापायी करपली. त्याला बसायला सगळं घर मोकळं होतं, पण सुट्टीभर तो बसला तो एकाच कोपऱ्यात, ज्वारीची कणगी आणि भिंत यांच्या सापटीत. साहेबराव वैतागून म्हणायचा, "आरं, मधी ये की. ऐसपैस बस." तो म्हणायचा, "न्हाई दादा, हितंच बरं वाटतंय. सवय झाली." फौजेत जाऊन पोरगं घुम्या झालं, असं साहेबरावाला वाटलं. एकदा अंघोळीला बसला असताना त्याचा डावा खांदा काळानिळा पडलेला कौसल्येनं पाहिला. "भाऊजी, कुणी मारलं का काय?" "कुणी न्हाई वैनी, धक्के बसतेत." तिनं आंबेहळद उगाळून दिली, त्यानं ती लावली आणि विषय तिथंच संपला.

मग डिसेंबर आला. माणूस परत आला नाही, त्याची कपड्यांची पेटी आली. जे काय क्रियाकर्म करायचं ते फौजेनं तिकडंच केलं होतं. पेटी घेऊन आलेल्या हवालदाराला साहेबरावानं दारात गाठलं आणि अडखळत विचारलं, कुठं होता, कसा होता. "अपनी जगह पर था, भाईसाब," एवढंच हवालदार म्हणाला, आणि चहा न घेता गेला.

वसंता आपल्या जागेवर होता. पण ती जागा कुठली? साहेबरावाच्या जिवाला तेव्हापासून हेच लागलं. लोकांना मेलेल्या माणसाचा चेहरा बघायचा असतो, राख हातात घ्यायची असते. साहेबरावाला दोन्ही मिळालं नव्हतं. आपला भाऊ शेवटपर्यंत जिथं बसून होता ती एवढीशी जागा एकदा डोळ्यांनी बघावी, एवढीच त्याची आस होती. रणगाडा बघायला राजूरचा घड्याळजी जाणार कुठं? म्हणून तो हातानं करायला लागला. एकामागून एक करत गेला, आणि प्रत्येकाचा पुढचा भाग आला की त्याचा चिमटा थांबायचा. ड्रायव्हरचं भोक कसं असतं, किती पुढं असतं हे ठाऊक नव्हतं. त्याचे सगळे रणगाडे तोंडाशी कोरेच राहिले.

या येडेपणाला दोन जोडीदार मिळाले. एक कडूबा सुतार, साहेबरावाचा लहानपणापासूनचा दोस्त. तो पोळ्याला लाकडी बैल करायचा, आणि ते हात वर्षभर मोकळे राहू नयेत म्हणून तोफा करायला लागला. त्याच्या तोफांची चाकं बैलगाडीच्या चाकासारखी यायची आणि कितीही सांगितलं तरी तो ती बदलायचा नाही. दुसरे मच्छिंद्र मास्तर. बौद्धवाड्यातले, शाळेत गणित शिकवायचे. त्यांचे चुलते फौजेत ट्रक चालवून आलेले, त्यामुळे मास्तरांचा जीव ट्रकवर. वर्तमानपत्रात लष्करी गाडीचा फोटो आला रे आला की कात्री लावायचे, बायकोनं तो पेपर अजून वाचलेला नसला तरी. रविवारी दुपारी कडूबाच्या छपरात तिघं जमायचे. एखाद्या गाडीला मागं किती चाकं यावरून असे हातघाईवर यायचे की कडूबाची बायको आतून ओरडायची, "गाड्या खऱ्या असत्या तर किती मेले असते रे तुमच्यात!"

शहात्तरच्या एप्रिलात, जयंतीला, मास्तरांचा मेहुणा रामकिसन मुंबईहून आला. तो गोदीत कामाला होता. मिरवणूक झाली, जेवणं झाली, आणि रामकिसननं खिशातून घडी घातलेला एक रंगीत कागद काढून मास्तरांपुढं ठेवला. मास्तर तो कागद घेऊन तसेच उन्हातून साहेबरावाच्या दुकानात आले. चपला उलट्यासुलट्या घातल्या होत्या.

"साहेबराव, हे बघा. टी पंचावन्न."

कागदावर रणगाड्याचं चित्र होतं. वसंताचा रणगाडा! रशियन बनावटीचा, सुट्टीत वसंतानं सांगितलेला तोच, नावानिशी. फोर्टातल्या एका खेळण्यांच्या दुकानात तो कागद मिळाला होता. एक जपानी कंपनी या रणगाड्याचे सुटे भाग पेटीत घालून विकणार होती, घरी जोडायला, खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचे. 'खऱ्याबरहुकूम' असं दुकानदार छातीवर हात ठेवून सांगत होता. पेटी अजून बाजारात यायची होती. बोटीनं येणार, मग कुणीतरी परवाना काढणार, मग दुकानात. "दिवाळीपर्यंत बिलकुल येतंय म्हनला," रामकिसननं सांगितलं होतं.

साहेबरावानं भिंग लावून ते चित्र पालथं घातलं. चित्रकार कोण होता देव जाणे, पण त्यानं रणगाडा असा काढला होता की वळलेली तोफ नेमकी पुढच्या भागावरून गेली होती आणि खाली धुरळा. ड्रायव्हरची जागा तेवढी दिसत नव्हती. साहेबरावानं कागद कलता करून बघितला, पाठीमागून बघितला, जसं काही तोफ बाजूला होणार होती. मग तो घडी करून खिशात ठेवला आणि त्या दिवशी आणखी एकही घड्याळ उघडलं नाही.

वाट बघायची म्हणजे काय, हे त्या वर्षी तिघांना कळलं. दिवाळी गेली. बोट आली नाही. संक्रांत गेली. बोट आली पण तिच्यात बाहुल्या निघाल्या. मधल्या काळात मास्तरांच्या मागं शाळेवरून नसबंदीच्या केसेस आणायचा ससेमिरा लागला, तरी गावोगाव हिंडताना ते मुंबईहून आलेला माणूस दिसला की आधी बोटीची चौकशी करायचे. कडूबा म्हणायचा, "जपानी लोकायला राजूरचा पत्ता सापडून न्हाई राह्यला." उन्हाळ्यात एकदाची पेटी आली. तिघं छपरात जमले, झाकण उघडलं, आणि आत विमान! दुकानदारानं रामकिसनच्या गळ्यात दुसरीच पेटी मारली होती. कडूबा इतका हसला की त्याला ठसका लागला. साहेबराव हसला नाही. विमान मास्तरांनी जोडलं आणि शाळेत टांगलं. त्यातून एवढंच झालं, की असल्या पेटीत भाग कसे असतात ते कळलं. शेंगा वेलाला लटकाव्यात तसे ते एका चौकटीला चिकटलेले असतात, एकेक कापून घ्यायचा, घासायचा, डिंक लावायचा. आणि दुसरं असं कळलं, की आतून सगळं पोकळ असतं. विमानाच्या पोटात काहीसुद्धा नव्हतं.

"मंग रणगाड्याच्याबी पोटात काही नसन," साहेबराव म्हणाला. "वसंता बसन कशावर?"

त्या दिवसापासून त्याच्या वाट बघण्याला काम मिळालं. घड्याळांच्या मोडक्या पितळेतून त्यानं ड्रायव्हरची बैठक केली. दोन दांडे केले, पळी आणि लाटणं डोळ्यांपुढं आणून. एका बायकी घड्याळाची बारकी तबकडी होती, ती समोर लावायला ठेवली. पायाखालच्या पट्ट्या केल्या. मास्तरांनी हिशेब करून वसंताची उंची काढून दिली आणि कडूबानं सागाच्या तुकड्यातून माणूस कोरला, करंगळीएवढा, बसलेला. आयुष्यात बैलांशिवाय काही न कोरलेल्या कडूबानं त्या माणसासाठी किती तुकडे वाया घालवले ते त्याची चूलच जाणे. चेहरा कोरून झाला तेव्हा म्हणाला, "नाक त्याच्यावानी न्हाई आलं रं." साहेबरावानं माणूस हातात घेतला, उताणा केला, पालथा केला. "खांदे आले," तो म्हणाला. "खांदे त्याचेच हायेत." आणि पाठ फिरवून उगाच खण आवरू लागला.

ही सगळी बैठक एका लाकडी फळीवर पक्की बसवायची होती, म्हणजे पेटी आली की ती तशीच रणगाड्याच्या पोटात सरकवता येईल. मग प्रश्न आला, कुठल्या बाजूला?

"त्याच्यात काय इचारायचं?" कडूबा म्हणाला. "यष्टीचा डायव्हर कुठं बसतो? उजवीकडं. ट्रकचा? जीपचा? आपल्या राजूरच्या रस्त्यावर आजवर कुणी डावीकडं बसून गाडी हाकली काय?"

"बराबर," मास्तर म्हणाले. त्यांच्या कात्रणांतले सगळे ट्रक उजव्या हाताचेच होते.

साहेबरावाला तर शंकाच नव्हती. जालन्याला सामान आणायला जाताना तो यष्टीत मुद्दाम ड्रायव्हरच्या पाठीमागची जागा धरायचा. जाळीतून ड्रायव्हरचा खांदा, हात, त्याच्यापुढचा रस्ता बघत बसायचा आणि मनात म्हणायचा, वसंता असाच बसत होता. कित्येक वर्षं त्यानं भावाला तिथं पाहिलं होतं. त्यानं राळ तापवली आणि बैठक उजव्या बाजूला पक्की केली.

पेटी आली ती सत्त्याहत्तरच्या खंडेनवमीला. दुसऱ्या दिवशीच्या धम्मदीक्षेच्या कार्यक्रमासाठी रामकिसन सुट्टी काढून आला होता. दुपारच्या यष्टीतून उतरला तो काखेत पेटी घेऊनच, आणि या खेपेला झाकणावर रणगाडाच होता. मास्तर ती घेऊन साहेबरावाच्या घरी पळत आले आणि उंबऱ्यातच थबकले.

देवापुढं पाटावर चिमटे, कानस, बारके स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, सगळी हत्यारं ओळीनं मांडलेली होती. त्यांना हळदकुंकू वाहिलं होतं, वर झेंडूची फुलं होती. कडूबाच्या घरी त्याच वेळी किकरं, वाकस आणि करवत असेच बसले होते. खंडेनवमीला हत्याराची पूजा होते, त्या दिवशी त्याला कामाला लावत नाहीत. ती उचलायची दसऱ्याला.

"घ्या!" मास्तर म्हणाले. "दीड साल वाट बघितली आन् आली ती तुमची हत्यारं सुट्टीवर असताना. माझ्या घरी चाकू हाय. माझ्या चाकूला नवमी न्हाई."

साहेबरावाचा हात पेटीकडं गेला. निदान झाकण उघडून बघावं? पण कडूबा नव्हता, आणि तिघांनी मिळून उघडायचं असं ठरलेलं होतं. "उद्या," तो म्हणाला. "इतके दिस थांबलो मास्तर. उद्या."

"मंग मीबी उद्याच," मास्तर म्हणाले. ते पूजा करत नसत, पण दोस्ताची मोडतही नसत. कौसल्येनं पेटी हातात घेतली, क्षणभर झाकणावरच्या चित्राकडं बघितलं, आणि ती हत्यारांच्या शेजारी पाटावर ठेवून तिलाही हळदकुंकू लावलं.

दसऱ्याला मास्तर विहारातला कार्यक्रम उरकून पांढऱ्या कपड्यांतच आले. कडूबा सोनं वाटत वाटत आला. ऊन कलायला आलं होतं. साहेबरावानं ओसरीवर घोंगडी अंथरली, फुलं बाजूला करून पक्कड उचलली, शेजारी आपली फळी ठेवली. फळीवर पितळी बैठक आणि तिच्यावर सागाचा वसंता, दोन्ही मुठी दांड्यांवर. मग त्यानं झाकण काढलं.

हिरव्या प्लास्टिकचे भाग होते, चौकटींना लटकलेले. घुमट, तोफ, चाकांचे गुच्छ. तळाशी वीतभर लांबीचा एक मोठा भाग होता, रणगाड्याची वरची पाठ. साहेबरावानं तो उचलला. पुढच्या उतारावर, घुमटाच्या खाली, एक गोल भोक होतं आणि त्याला वेगळं झाकण होतं.

भोक डावीकडं होतं.

त्यानं भाग उलटा फिरवला. मग मागचं तोंड पुढं केलं. मग पेटीतला जपानी कागद काढला आणि तिघांनी डोकी एकत्र आणून चित्रं बघितली. अक्षर एकालाही कळत नव्हतं, पण चित्राला भाषा लागत नाही. तोफ इकडं, दिवा इकडं, आणि ड्रायव्हर डावीकडं. पार डावीकडं, कडेच्या भिंतीला चिकटून.

कडूबानं उजव्या बाजूला बोट टेकवलं. "सायबा, मी हितं उजवीकडं नवं भोक पाडतो. डावीकडचं लुकणानं बुजवतो. रंग दिल्यावर कोणाच्या बापाला कळत न्हाई. राजूरात कोण येतंय बघायला?"

"मी येतोय ना बघायला," साहेबराव म्हणाला.

कडूबानं बोट काढून घेतलं. साहेबराव त्या हिरव्या भागाकडं बघत राहिला. "सहा वर्षं," तो म्हणाला. "सहा वर्षं म्या त्याला उजवीकडं बसवून राह्यलो मास्तर. यष्टीत बसलो की बघायचो. झोपताना डोळ्याम्होरं आणायचो. तिथं तो कधी नव्हताच. म्या कोणाला बघत होतो?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. चूक तर तिघांचीही होती, आणि अशी की तिच्यासाठी कुणाला बोल लावावा? जन्मभर उजवीकडं बसणारे ड्रायव्हर बघितलेल्या माणसांनी दुसरं काय करायला हवं होतं? पण साहेबरावाचं दुःख चुकीचं नव्हतं. भावाची म्हणून एकच गोष्ट त्यानं मनाशी जपली होती आणि तीही त्याची निघाली नव्हती.

कौसल्या चहा घेऊन आली होती ती तशीच दाराशी उभी होती. कपबश्या खाली ठेवून ती घोंगडीच्या कडेला बसली आणि नवऱ्याच्या हातातून तो भाग तिनं काढून घेतला. बोट भोकात घालून बघितलं. मग बोट डावीकडच्या कडेला टेकवलं.

"हितं बसायचे भाऊजी?"

"हितंच," मास्तर म्हणाले.

"किती जवळ हाय हो ही भिंत. बसनाऱ्याचा खांदा घासनारच." तिनं स्वतःचा डावा खांदा चाचपला. "अहो, डावा खांदा."

साहेबरावानं वर बघितलं.

"काळानिळा झाल्ता बघा. म्या आंबेहळद दिल्ती. डावा खांदा होता, मला चांगलं याद हाय. आन् सुट्टीभर बसले कुठं? तुम्ही वराडत होते, मधी ये, मधी ये. कणगी उजव्या अंगाला आन् भिंत डाव्या. हितंच बरं वाटतंय म्हनायचे." तिनं बोट भोकाच्या कडेवरून फिरवलं. "ते दावूनच गेल्ते की हो आपल्याला. सगळी सुट्टी त्या जागेवर बसले. आपल्यालाच दिसलं न्हाई."

साहेबरावाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यानं ते पुसलं नाही. कडूबा आणि मास्तर दोघंही दुसरीकडं बघत बसले. रस्त्यानं शिलंगणाला गेलेली माणसं परत येत होती, हाका मारून सोनं देत होती, आणि ओसरीवरच्या चौघांतलं कुणी उठलं नाही.

बऱ्याच वेळानं साहेबरावानं पक्कड घेतली आणि फळीवरची बैठक उपटली. राळ पक्की होती. एक दांडा वाकला, तबकडी सुटून घोंगडीवर पडली. त्याला त्याचं वाईट वाटलं नाही. कडूबानं न सांगता फळी डावीकडं खरवडून साफ करून दिली. बैठक तिथं बसली. मग साहेबरावानं हिरवी पाठ वरून अलगद टेकवली, आणि डावीकडच्या भोकातून कडूबानं कोरलेलं डोकं बरोबर वर आलं. आत डावा खांदा भिंतीला लागला होता.

"बसला," मास्तर हळूच म्हणाले.

पट्टे, चाकं, घुमट, सगळं जोडायचं बाकी होतं. तो पुढं कित्येक रविवारांचा उद्योग होता आणि त्यात भांडणंही यथास्थित झाली. त्या संध्याकाळी मात्र तेवढंच करून दोघं दोस्त आपापल्या घरी गेले.

दिवेलागणीला कौसल्येनं जेवायला वाढलं. दसऱ्याचं पुरण होतं. नेहमीच्या जागी, घराच्या मधोमध, साहेबरावाचा पाट मांडलेला होता. तो आत आला आणि पाट ओलांडून पुढं गेला. ज्वारीची कणगी होती तिथंच होती. तिच्या आणि भिंतीच्या सापटीत तो अंग आकसून खाली बसला. जागा फार अरुंद होती, त्याच्यासारख्या उंच माणसाला तर फारच. गुडघे पोटाशी आले, डावा खांदा भिंतीला घासला, आणि तो तसाच टेकून राहिला.

कौसल्येनं त्याचं ताट उचललं आणि कणगीपाशी नेऊन त्याच्यापुढं ठेवलं. मधी या, असं ती म्हणाली नाही.